पाणी कुठं जातं?

कर्जत स्टेशनात पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं जोडली, की सगळ्यांच्या नजरा घाटाकडे वळतात. आम्हा कर्जत-खालापूरकरांचा इतिहासही असाच डोंगराकडे बघणारा. राजमाची, कोथळीगड, फार तर १६६१ची उंबरखिंड. दर्या हा अलिबागकरांचा विषय, असं आम्ही ठरवूनच टाकलंय.

म्हणून या आठवड्यात नाथमाधव. म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. लेखणी हाती आली ती त्यानंतर. १९२८मध्ये गेले, पण तेवढ्यात ‘वीरधवल’ आणि ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासूनची स्वराज्यमाला वाचकांच्या हाती देऊन गेले. माझा जीव मात्र ‘सावळ्या तांडेल’मध्ये अडकतो. कादंबरीच्या नावात ना गड, ना सरदार. आहे तो गलबतावरचा तांडेल. ज्याला स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्यानं मराठी कादंबरी दर्यावर नेली.

त्या वाटेनं पुढे फारसं कुणी गेलं नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला घोडा मानवला, गलबत नाही. कान्होजी आंग्र्यांचं चरित्र मनोहर माळगावकरांनी १९५९ साली लिहिलं ते इंग्रजीत, पु. लं.नी ते मराठीत आणलं. आमच्याच जिल्ह्याचा सरखेल आमच्यापैकी अनेकांना भेटला तो असा भाषांतरातून!

तिकडे पॅट्रिक ओब्रायन यांनी नेपोलियनच्या काळातल्या इंग्रजी आरमारावर २० कादंबऱ्या पूर्ण केल्या. तेही नौदलात कधी नव्हते. जहाजांच्या जुन्या नोंदी वाचत बसले. तेव्हा ‘आम्ही पडलो घाटाखालचे’ ही सबब चालायची नाही. गुराब म्हणजे काय, पाल कशी असते, वारं फिरलं की शीड कसं वळवतात, हे जाऊन विचारावं लागतं, एवढंच.

आणि आम्ही दर्यापासून तुटलेले तरी कुठे आहोत? आमची उल्हास डोंगरातून उतरते, कर्जतवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. १६५७ साली कल्याण स्वराज्यात आलं आणि शिवरायांच्या आरमाराची सुरुवात त्याच खाडीत झाली.

शाळांनी उंबरखिंडीची सहल जरूर काढावी. पण या पावसात पोरांना एकदा उल्हासच्या पुलावरही उभं करावं आणि विचारावं, हे पाणी जातं कुठं?