विश्लेषण : टेलर स्विफ्टने ‘द नॅशनल’कडून नेमके काय घेतले?

टेलर स्विफ्टने २३ जुलै २०२० रोजी जाहीर केले, की तिचा नवा अल्बम आज मध्यरात्री येतोय. महिनाभर आधीपासून जाहिरात नाही, टीझर नाही, काहीच नाही. ‘फोकलोर’ ऐकून तिचे चाहते चक्रावले. ठेका धरायला लावणारा झगमगीत पॉप गायब झाला होता आणि त्याच्या जागी संथ पियानो, गिटारचे बारीक, पुन्हा पुन्हा फिरणारे सूर आणि कुजबुजल्यासारखा आवाज होता. त्याच रात्री ऐकणाऱ्यांचा दुसरा एक छोटा गट मात्र वेगळ्याच कारणाने चमकला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तो होता ‘द नॅशनल’ या अमेरिकी बँडचा. हॉस्टेलमध्ये सबमिशनच्या रात्री हाच बँड लावून बसणारा मी या दुसऱ्या गटात होतो.

जगातली सर्वात मोठी पॉप गायिका एका ‘अल्टरनेटिव्ह’ बँडचा आवाज उचलते, याला प्रेरणा म्हणायचे की उचलेगिरी, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. माझ्या मते स्विफ्टने आवाजाहून अधिक काम करण्याची पद्धत घेतली. ज्यांच्याकडून घेतली, त्यांचे नावही गाण्यावर लिहिले. हे दुसरे जास्त महत्त्वाचे.

‘द नॅशनल’ कोण आहेत?

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचे पाच जण. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यांनी बँड सुरू केला. मॅट बर्निंगर गातो आणि बहुतांश शब्द लिहितो. ॲरन आणि ब्राइस डेस्नर हे जुळे भाऊ संगीत रचतात. स्कॉट आणि ब्रायन डेव्हेनडॉर्फ हे दुसरे दोन भाऊ बास आणि ड्रम्स सांभाळतात. ‘बॉक्सर’ (२००७) आणि ‘हाय व्हायोलेट’ (२०१०) या अल्बमांनी त्यांना निष्ठावान श्रोते दिले. ‘स्लीप वेल बीस्ट’ला २०१८ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तरीही रस्त्यावर कुणी ओळखावे, असे हे लोक नव्हते.

गायक-गीतकारांसोबत काम करणे ॲरनला नवे नव्हते. शॅरन व्हॅन एटन हिचा ‘ट्रॅम्प’ (२०१२) हा अल्बम त्यानेच निर्माण केला होता. स्विफ्ट त्याच्याकडे आली, तेव्हा त्याचा हात या कामात बसलेला होता.

ओळख कशी झाली?

२०१४ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाच्या वेळी त्यांची भेट झाली. २०१९ मध्ये स्विफ्ट ब्रुकलिनमध्ये बँडच्या मैफलीला गेली होती. पाच जण वेगवेगळ्या ठिकाणी राहून गाणी कशी करतात, हे तिने तेव्हा विचारले. ॲरन वाद्यसंगीताचे तुकडे तयार करून पाठवतो आणि बर्निंगर त्यावर शब्द लिहितो, असे उत्तर मिळाले. तेव्हा ती नुसती माहिती होती. एप्रिल २०२० मध्ये सारे जग घरात कोंडले गेले, स्विफ्टचे दौरे थांबले आणि तिने ॲरनला मेसेज केला. त्याने तयार असलेल्या वाद्यसंगीताच्या फाइल्स पाठवल्या. त्यातल्या एका फाइलवर तिने काही तासांतच ‘कार्डिगन’ हे गाणे लिहून परत पाठवले.

‘फोकलोर’च्या १६ पैकी ११ गाण्यांत ॲरनचा हात आहे. ब्राइसने वाद्यमेळाची बाजू सांभाळली. ती लॉस एंजेलिसच्या घरात गात होती, तो न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यातल्या ‘लाँग पाँड’ स्टुडिओत वाजवत होता. स्विफ्ट, ॲरन आणि दुसरा निर्माता जॅक अँटनॉफ हे तिघे एका खोलीत पहिल्यांदा जमले, ते अल्बम प्रसिद्ध झाल्यावर, त्याच अल्बमवरच्या माहितीपटासाठी.

पद्धतीने काय बदलले?

आधी शब्द की आधी चाल, हा प्रश्न मराठी श्रोत्याला परका नाही. भावगीतात बहुधा कविता आधी असते, चित्रपटात बऱ्याचदा चाल. चाल आधी आली, की शब्दांना तिच्या वळणाने जावे लागते. स्विफ्टचे तसेच झाले. समोर दुसऱ्याच्या मनातून आलेले, पूर्ण वाजवलेले संगीत होते. त्याचा मूड आधीच ठरलेला होता. तोवर स्वतःच्या आयुष्यावर लिहिणारी म्हणून ओळखली जाणारी स्विफ्ट या अल्बममध्ये काल्पनिक पात्रे उभी करू लागली. एकाच प्रेमकथेकडे तीन जणांच्या नजरेतून पाहणारी तीन गाणी त्यात आहेत. हे श्रेय एकट्या संगीताचे नाही, टाळेबंदीतल्या एकांताचेही आहे. पण अनोळखी सुरांनी तिला स्वतःच्या बाहेर पडायला जागा दिली, असे मला वाटते.

आवाजाची नक्कल बेकायदा असते का?

साधारणपणे नाही, आणि खरी मेख इथेच आहे. कॉपीराइट असतो विशिष्ट चालीवर, शब्दांवर, ध्वनिमुद्रणावर. ‘असा पियानो, अशी गिटार, असे उदास वातावरण’ या शैलीवर कुणाची मालकी नसते. स्विफ्टने चार कुशल वादक बसवून ‘नॅशनलसारखे वाजवा’ सांगितले असते, तर कुणी कोर्टात खेचले नसते. वादकांना ठरलेले मानधन मिळाले असते आणि विषय संपला असता.

तिने ॲरनला सहलेखक केले. या शब्दाचा अर्थ पैशांत मोठा आहे. ध्वनिमुद्रणाला बोलावलेल्या वादकाला बहुतेक वेळा एकदाच मानधन मिळते. सहलेखकाला मात्र गाणे रेडिओवर वाजले, फोनवर ऐकले गेले, मालिकेत वापरले गेले, की दर वेळी वाटा मिळतो. मार्च २०२१ मध्ये ‘फोकलोर’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले, तेव्हा निर्माता म्हणून ॲरनही विजेता ठरला.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर चार नावे होती, काम दोघांचे होते. हे आमच्यापुरतेच नव्हते, सगळ्या वर्गात तीच तऱ्हा. त्यामुळे कुणाचे नाव कुठे लिहिले जाते, ही मला क्षुल्लक बाब वाटत नाही.

बँडला काय मिळाले?

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘एव्हरमोर’मधल्या ‘कोनी आयलंड’ या गाण्यावर ॲरनसोबत अख्ख्या बँडचे नाव आहे. त्यानंतरच्या काळात बर्निंगर नैराश्यात होता, त्याला लिहिता येत नव्हते. त्याने हे उघडपणे सांगितले आहे. बँड संपतो की काय, अशी वेळ आली. त्यातून बाहेर पडून २०२३ मध्ये ‘फर्स्ट टू पेजेस ऑफ फ्रँकेनस्टाइन’ हा अल्बम आला आणि त्यातल्या ‘द अल्कॉट’ या गाण्यात स्विफ्टने बर्निंगरसोबत लिहिले आणि गायले. तीन वर्षांपूर्वी एका बाजूने सुरू झालेली देवाणघेवाण आता उलट दिशेनेही झाली.

मग आक्षेप काय?

दोन आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला, ही मैत्री बरोबरीची नाही. स्विफ्टच्या सावलीत कुणीही लहानच दिसतो. ‘नॅशनल’चे नाव आज अनेकांना तिच्यामुळेच माहीत आहे आणि २० वर्षे जपलेली ओळख अशी दुय्यम होणे जुन्या चाहत्यांना टोचते. दुसरा, ॲरनचा आवाज आता साचा होऊ लागला आहे. एड शीरनचा ‘सबट्रॅक्ट’ (२०२३), ग्रेसी अब्राम्सचा ‘गुड रिडन्स’ (२०२३) आणि स्विफ्टच्या २०२४ मधल्या ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’मधली बरीच गाणी, या सर्वांत त्याचा हात आहे. सलग ऐकले तर कुणाचे गाणे कुठे संपले, हे क्षणभर कळत नाही. एकेकाळी धक्का देणारी गोष्ट सवयीची झाली, की तिची धार जातेच.

तरी माझे मत बदलत नाही. साचा होण्याचा धोका प्रत्येक यशस्वी आवाजाला असतो, त्यावर उपाय म्हणजे थांबणे. स्विफ्टचा २०२५ चा अल्बम ॲरनशिवाय आला, तेही ठीकच झाले. पण नाव न लिहिता घेतलेल्या आवाजावर उपाय नसतो. आज एखादे सॉफ्टवेअर ‘अमुक बँडसारखे वाजव’ म्हटल्यावर काही सेकंदांत गाणे बनवून देते. अशा वेळी माणसाला फोन करून ‘सोबत करू’ म्हणणे हा जुन्या पद्धतीचा सभ्यपणा राहिलेला नाही, तो निर्णय आहे.

श्रोत्यांच्या हातातही थोडे आहे. ज्या फोनवर तुम्ही हे वाचत आहात, त्याच फोनवर आवडते गाणे उघडा. अनेक ॲपमध्ये गाण्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत श्रेयनामावली सापडते. गायकाच्या नावाखाली कुणाची नावे आहेत, ती वाचा. मग त्यातल्या एका अनोळखी नावाचे दुसरे एखादे गाणे ऐका.