अँटिबायोटिकची पातळी : मशीन बरोबर, तरी रिपोर्ट चुकतो कसा?

भंडाऱ्याहून गंभीर रुग्ण अनेकदा साधारण 60 किलोमीटरवरच्या नागपूरला हलवावे लागतात. फाइल सोबत जाते. पण शेवटचा डोस किती वाजता दिला, हीच नोंद राहून गेली तर?

व्हॅन्कोमायसिन, अमिकासिनसारख्या औषधांत हे महागात पडू शकतं. मात्रा कमी पडली तर संसर्ग हटत नाही. जास्त झाली तर किडनीला, अमिकासिनने कानांनाही इजा होऊ शकते. म्हणून रक्तातली पातळी मोजतात.

चूक कुठे होते?

व्हॅन्कोमायसिनचा नमुना सहसा पुढच्या डोसच्या जरा आधी घेतात. तो डोसनंतर लगेच घेतला तर आकडा फुगतो. मग डोस विनाकारण घटवला जातो आणि संसर्ग तसाच राहतो. ज्या नळीतून औषध दिलं, तिच्यातूनच रक्त काढलं तरी आकडा फुगू शकतो. मशीन अचूकच मोजतं, पण चुकीच्या वेळचं रक्त.

तुम्ही काय करू शकता?

डोस सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा. रक्त घेताना सिस्टरना विचारा, ‘वेळ लिहिली ना?’ रुग्ण हलवताना डोसच्या वेळांचा कागद मागून घ्या. डोस मात्र स्वतःहून बदलू नका.