जळालेलं घर त्याच जोत्यावर उभं राहील

साथींनो,

उन्हाळा सरत आला की आपल्या पाड्यांवर संकट ठरलेलं. चुलीची ठिणगी पेंढ्यात जाते आणि बघता बघता घर जळतं. नाहीतर पावसाआधीचं वादळ येतं आणि कौलं, पत्रे उडवून नेतं. घर गेलं की बाई पोरांना शेजारी ठेवते, उरलेले दाणे गोळा करते आणि तिसऱ्या दिवशी घरातली माणसं मेढी शोधायला निघतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण असंच उभे राहिलो. घर बांधायला आपल्याला ठेकेदार लागला नाही. बांबू, कारवीचा कूड, माती, शेण आणि सगळ्या पाड्याचे हात, एवढंच लागलं.

पण आता चौथ्या दिवशी गार्ड दारात येतो आणि म्हणतो, "नवीन बांधकाम करायचं नाही. जागा जंगलाची आहे. हे अतिक्रमण आहे."

आम्ही विचारतो, नवीन काय आहे? जोतं जुनं, परसातला आंबा जुना, जातं जुनं. जळालं ते छप्पर. आजारी माणूस बरा झाला तर तो गावात नवीन आला असं कुणी म्हणतं का?

आता दुसऱ्या साहेबांचं ऐका. मदतीसाठी आपण तलाठ्याकडे जातो. तिथे विचारतात, सातबारा कुठे? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला घराची नोंद कुठे? घर अधिकृत असल्याचा दाखला कुठे? नोंद नाही म्हणजे घर नाही. घर नाही म्हणजे नुकसान नाही. पंचनाम्याचा कागद कोराच राहतो. खरं तर आपत्तीच्या मदतीच्या नियमांत पक्क्या घराबरोबर कच्चं घर आणि झोपडी यांचेही रकाने आहेत. रकाना आहे, पण आपलं नाव त्यात बसत नाही.

म्हणजे सरकारचा हिशेब असा: मदत मागायला गेलो तर घर नव्हतंच. बांधायला गेलो तर घर आहे, म्हणून गुन्हा. एकाच घराबद्दल दोन तोंडांनी बोलायचं आणि दोन्ही वेळा मार आदिवासीला द्यायचा!

हे चालू देणार नाही, कारण कायदा आपल्या बाजूने आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात शेतीचा हक्क आहे, तसाच राहण्याचाही हक्क आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपला ताबा असलेल्या वनजमिनीवर राहणं आणि कसणं हा कलम 3 मधला पहिलाच हक्क. कलम 4(5) सांगतं की दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येणार नाही. जळालेलं घर परत बांधू न देणं म्हणजे हटवणंच. फरक एवढाच की इथे जेसीबी लागत नाही. पावसाळा ते काम करतो.

याहून मोठी गोष्ट नीट समजून घ्या. कायद्याच्या नियम 13 मध्ये दाव्याचे पुरावे सांगितलेत. कागदपत्रं आहेत, वडीलधाऱ्यांचा जबाब आहे, आणि जमिनीवरच्या खुणाही आहेत: घर, झोपडी, बांध, सपाटीकरण. म्हणजे आपलं घर हाच पुरावा! ज्यांच्याकडे दंडाच्या पावत्या नाहीत, त्यांच्याकडे घर आहे. म्हणूनच ते उभं राहिलेलं साहेबाला नको असतं. दोन पावसाळे जोतं उघडं राहिलं की तिथे गवत माजतं. मग तपासणीला येणारा लिहितो, "जागेवर वस्ती आढळली नाही." अशा एका ओळीने दावा फेटाळला जातो.

काही आपलेच लोक म्हणतात, "कशाला भांडता? खाली रस्त्याकडेला घरकुल देतात, तिथे जा." घरकुल आपल्या हक्काचं आहे, जरूर घ्या. पण त्याच्या बदल्यात जुनी जागा सोडल्याचा कागद पुढे केला तर अंगठा देऊ नका. सिमेंटच्या एका खोलीसाठी शेत, खळं आणि गुरांचा गोठा सोडायचा हा सौदा महाग आहे. शेतापासून लांब गेलेला माणूस पुढच्या वर्षी वीटभट्टीवर दिसतो.

सामानाचंही तसंच. बांबू आणला की पकडतात. अरे, कायद्याच्या व्याख्येतच बांबू गौण वनोपज आहे, आणि आपण पूर्वापार गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर मालकी आपली आहे! मेढी-वाशांच्या लाकडासाठी निस्ताराचा सामूहिक दावा ग्रामसभेने करायचा. तो दावा ज्या गावाने अजून टाकला नाही त्याने पावसाआधी टाकावा.

तेव्हा घर जळालं, पडलं, वाहून गेलं तर काय करायचं?

पहिलं, राख लगेच झाडून टाकू नका. जळक्या मेढी, जोतं, चूल, भांडी आहेत तशी ठेवून फोटो काढा.

दुसरं, तलाठ्याची वाट बघा, पण वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात ग्रामसभा आणि वनहक्क समितीने जागेवर जाऊन आपला पंचनामा करावा. चतुःसीमा, झाडं, घर किती वर्षांपासून आहे ते लिहा. दोन म्हाताऱ्यांचे जबाब घ्या. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो, म्हणून पंचनाम्यात बाईचं नावही आलं पाहिजे.

तिसरं, एक प्रत तहसीलला, एक प्रांताला द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

चौथं, घर त्याच जोत्यावर बांधा. हात दोन हातसुद्धा सरकू नका. सरकलात की "नवीन" म्हणायला त्यांना संधी मिळते.

पाचवं, गार्ड आला तर तोंडी हुकूम ऐकू नका. लेखी मागा, नाव आणि तारखेसकट. एकट्या घराने बोलायचं नाही, सगळा पाडा जमवायचा.

हा कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला कलम 7 मध्ये शिक्षा आहे: दंड, जास्तीत जास्त 1000 रुपये. एवढ्या पैशांत घरावरची कौलंही येत नाहीत. आदिवासीच्या छपराची सरकारने लावलेली किंमत ती! त्यामुळे साहेब दंडाला घाबरेल या भरवशावर राहू नका. तो घाबरतो जमलेल्या पाड्याला.

आमची मागणी सरळ आहे. दावा प्रलंबित असलेल्या प्रत्येक घराचा पंचनामा झाला पाहिजे. सातबारा नाही म्हणून मदत नाकारणं बंद झालं पाहिजे. ग्रामसभेचा पंचनामा धरला गेला पाहिजे. दुरुस्तीला अतिक्रमण म्हणणं थांबलं पाहिजे.

या कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारने लिहून दिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. लिहिलंत ना? मग आता आमच्या मेढी रोवायला आडवे येऊ नका.

पाऊस तोंडावर आलाय. ज्या पाड्यावर घर पडलंय तिथे बाकीच्या पाड्यांनी एकेक दिवस हात द्यावा, बांबू घेऊन यावं. छप्पर चढल्याशिवाय परत फिरायचं नाही.

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!
जिंदाबाद!