खर्च परवान्याचा की मनोऱ्याचा?

संपादक महाशय,


बिनतारी इंटरनेटचा व्यवसाय परवान्याच्या भारानेच अडतो, हे आपल्या गतांकातील लेखकाचे प्रतिपादन वस्तुस्थितीस धरून नाही. 2013 च्या युनिफाइड लायसन्स पद्धतीत 'क' वर्गाच्या इंटरनेट परवान्याचे प्रवेशशुल्क अवघे 20 हजार रुपये होते, आणि 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींना, विहित शक्तिमर्यादेत, 2018 पासून परवाना लागत नाही. दस्तऐवज व बँक हमीचा जाच मी नाकारीत नाही. परंतु खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. कोल्हापुरात विकत घेतलेली मुख्य जोडणी गगनबावड्याच्या वाडीवस्तीपर्यंत नेताना डोंगर आडवा आला, की वाटेत आणखी एक मनोरा, त्याची जागा, बॅटऱ्या आणि राखणदार यांची तजवीज करावी लागते. वळवाच्या एका कडकडाटात रेडिओ जळतो, आणि आषाढात केबलच्या जोडावरील रबरी पट्टी उलगडावी, तो आत तांबे हिरवे पडलेले दिसते. ग्राहक वाढले की खर्च आपोआप वसूल होतो, हे विधानही अर्धसत्य आहे. कारण ग्राहकांबरोबर मुख्य जोडणीची गरजही वाढते. सबब, या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांनी परवान्याच्या अर्जाआधी दोन पावसाळ्यांच्या दुरुस्तीची रक्कम बाजूस काढून ठेवावी.

आपला,
एक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर