निमगरवे म्हणजे किती दिवसांचे?

भात-बियाण्याच्या पिशवीवर 'मध्यम कालावधी' असे छापलेले असते. कोकणात त्यालाच आपण निमगरवे म्हणतो. हळव्या आणि गरव्याच्या मधले. भातात हे साधारण 120 ते 135 दिवस. 'जया' त्यातलाच. तुरीत मात्र मध्यम म्हणजे पाच-सहा महिने. तेव्हा नुसत्या शब्दावर जाऊ नये, दिवस विचारावेत.

हे दिवस रोपासाठी बी पेरल्यापासून मोजायचे, लावणीपासून नव्हे. पुष्कळांची गल्लत इथेच होते आणि बोल लागतो बिचाऱ्या बियाण्याला. 10 जूनला पेरलेले 130 दिवसांचे भात 18 ऑक्टोबरच्या सुमारास कापणीस येते. निसवते त्याच्या महिनाभर आधी, आणि तेव्हा खाचरात पाणी हवेच. उंचावरच्या खाचरातले पाणी लवकर हटते. तिथे निमगरव्याच्या लोंब्या पोचट राहतात. तिथे 'कर्जत-184' सारखे हळवेच बरे. मात्र तेच हळवे सखल खाचरात लावाल, तर सप्टेंबरच्या पावसात तयार पीक आडवे होऊन दाणे शेतातच उगवतात. मधल्या खाचरांना निमगरवे, पाणी धरणाऱ्यांना गरवे.

पेरणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. घरातल्या बायकांना ती बहुधा तोंडपाठ असते!