घास अडकण्याची वाट पाहू नका : आफ्रिकेतला आजार आणि आपल्या घरातली मशेरी

तोंडाच्या कॅन्सरचे फोटो तंबाखूच्या पुडीवर छापलेले असतात, त्यामुळे तो सगळ्यांना माहीत आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे तसे नाही. २०२० साली जगभरात या आजाराचे सुमारे ६ लाख ४ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ५ लाख ४४ हजार माणसे त्याने दगावली. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे बहुतेक रुग्ण दवाखान्यात पोहोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या आजाराचा मोठा मार पूर्व आफ्रिकेला बसतो. इथिओपियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या पट्ट्यात त्याचे प्रमाण खूप आहे आणि मालावी हा देश तर जगात सर्वांत वर आहे. केनियाच्या बोमेट भागात तिशीच्या आतले रुग्णही सापडतात. त्याच खंडाच्या पश्चिमेकडच्या देशांत मात्र हे प्रमाण बरेच कमी आहे. म्हणजे सगळा दोष रक्ताचा किंवा वंशाचा नाही, राहणीचाही त्यात मोठा वाटा आहे. तिथल्या अभ्यासांत तंबाखू आणि दारूबरोबरच चटका बसेल इतका गरम चहा, चुलीचा धूर आणि किडलेले दात यांच्याकडेही बोट दाखवले जाते. तिथे दारू-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायकांनाही हा आजार होतो.

आता आपल्या गावाकडे या. भोर, वेल्हे, आंबवडे या भागात आपल्या कितीतरी घरांत सकाळ मशेरीने उजाडते. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा आणि बोटाने दातांना लावायचा. पुणे जिल्ह्याला ही सवय नवी नाही. डॉ. फली मेहता यांच्या पथकाने जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यातही मशेरी आहेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्याच तव्यावर भाजलेल्या मशेरीला बंदी कोण घालणार?

आपल्या समाजात एक समज पक्का आहे : ‘आपण दारू पीत नाही, आपल्याला काय होतंय?’ दारूपासून दूर राहणे चांगलेच. पण दादी, अम्मी, खाला मशेरीला व्यसन समजतच नाहीत, त्या तिला दंतमंजन म्हणतात. तंबाखूची लाळ थोडी थुंकली जाते, थोडी गिळली जाते आणि ती अन्ननलिकेतूनच खाली उतरते. बिनधुराच्या तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने स्पष्ट सांगितले आहे. २०१६ साली याच संस्थेने ६५ अंशांपेक्षा गरम पेयांनाही धोक्याच्या यादीत घातले. दोष चहाचा नाही, चटक्याचा आहे. कप दोन-चार मिनिटे खाली ठेवला तरी पुरे.

मशेरी सुटत नाही, असे बायका म्हणतात. मग रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत ती कशी सुटते? रोज तेरा-चौदा तास, तेही महिनाभर. ज्यांना हे जमते, त्यांना इफ्तारनंतरही जमेल. दातांसाठी मिस्वाक आहे, ब्रश आहे. घरातल्या मुलींना सुरुवातच करू देऊ नये, हे सर्वांत सोपे. आम्हा शिक्षकांना वर्गातून जेवढे सांगता येते, त्यापेक्षा स्वयंपाकघरातला तवा जास्त शिकवतो.

आणि लक्षण ओळखा. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे ती बरीच अरुंद होईपर्यंत त्रास जाणवत नाही. आधी भाकरी अडकते, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. बाई भाकरी चहात बुडवून खायला लागते आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ दोन आठवड्यांहून जास्त घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुण्याला ससूनची चिठ्ठी मागा. कॅन्सरचे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

पुण्याच्या गाडीभाड्याचा विचार करून आपल्या बायका दुखणे अंगावर काढतात. ते भाडे घरातल्या पुरुषांनी न मागता त्यांच्या हातावर ठेवावे आणि सोबतही जावे.