सिग्लुफ्योर्दुरला एकाकी कोणी केले?

उत्तर युरोपातील रहस्यकादंबऱ्यांचे कौतुक करताना एक वाक्य ठरून गेल्यासारखे लिहिले जाते : बर्फ, अंधार आणि एकाकीपणा हीच तिथली खरी खलपात्रे आहेत. ऐकायला हे काव्यमय वाटते. पण राजकीयदृष्ट्या ते फसवे आहे, आणि समाजवादी वाचकाने तरी ते निमूटपणे मान्य करू नये.

रागनार योनासन यांची ‘स्न्योब्लिंदा’ ही २०१० साली प्रसिद्ध झालेली आइसलँडिक कादंबरी घ्या. धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडलेला आरी थोर हा तरुण पोलीस २००८ च्या हिवाळ्यात राजधानी सोडून देशाच्या उत्तर टोकावरील सिग्लुफ्योर्दुर या गावी रुजू होतो. भोवती डोंगर, समोर समुद्र, हिवाळ्यात बाहेर पडायला एकच वाट, तीही बोगद्यातून. एक वृद्ध लेखक नाट्यगृहाच्या जिन्यावरून पडून मरतो, एक स्त्री बर्फात रक्तबंबाळ सापडते, आणि हिमकडा कोसळून रस्ता बंद होतो. बांधणी कसलेली आहे, वाचक खिळून राहतो. उलगडा मात्र अखेरीस माणसांच्या खासगी भूतकाळात होतो. खुद्द गावाचे काय झाले, हा प्रश्न पार्श्वभूमीतच राहतो.

गावाचे काय झाले हे गुपित नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिग्लुफ्योर्दुर ही हेरिंग मासळीची राजधानी मानली जाई. हंगामात हजारो मजूर तेथे येत. धक्क्यावर स्त्रिया मासळी साफ करून, मीठ लावून पिंपांत भरत. मजुरी पिंपांच्या संख्येवर ठरे. वस्ती तीन हजारांवर गेली. १९६० नंतर मासळीचा माग काढणारी प्रतिध्वनियंत्रे आणि यंत्राने ओढली जाणारी प्रचंड जाळी आली. समुद्राचे पाणी थंडावले हे एक कारण खरे. पण नॉर्वे, आइसलँड आणि सोव्हिएत संघ यांच्या जहाजांनी केलेला बेसुमार उपसा हे मोठे कारण होते. १९६८-६९ पर्यंत मासळी संपली. सोव्हिएत जहाजेही त्यात होती, हे आपण लपवण्याचे कारण नाही. मालकी सरकारी असली म्हणून हाव आपोआप आवरत नाही, एवढा धडा आपणही घ्यावा. आज त्या गावात बाराशेच्या आसपास माणसे उरली आहेत.

पुढचा अध्याय साऱ्या देशाचा आहे. १९८४ साली आइसलँडने जहाजवार मासेमारीचा कोटा ठरवला. साठा वाचवायचा तर मर्यादा हवीच होती. परंतु १९९० च्या कायद्याने हा कोटा खुल्या खरेदी-विक्रीचा माल बनवला. त्याच कायद्याचे पहिले कलम सागरी साठे ही राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहे असे सांगते! प्रत्यक्षात ज्यांच्याकडे जहाजे होती त्यांना तो हक्क फुकट मिळाला. मग तो विकला गेला, कर्जासाठी तारण म्हणून वापरला गेला, आणि अनेक लहान बंदरांतून मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटला. मालक कोटा विकतो तेव्हा धक्क्यावरच्या मजुराला कोणी विचारत नाही. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही व्यवस्था समानतेच्या तत्त्वाचा भंग करते असा निर्वाळा दिला. २००८ च्या ऑक्टोबरात देशातील तीन मोठ्या बँका एकाच आठवड्यात कोसळल्या. आरी थोर गावात येतो तो याच हिवाळ्यात.

आणि कादंबरी निघाली त्याच २०१० साली सिग्लुफ्योर्दुरला शेजारच्या ओलाफ्सफ्योर्दुरशी जोडणारे, मिळून सुमारे अकरा किलोमीटरचे बोगदे सार्वजनिक खर्चाने खुले झाले. एवढ्याशा वस्तीसाठी इतका खर्च कशाला, ही ओरड तिथेही झालीच. बंदराचा कोटा विकून लोकांच्या हातचे काम काढून घेतले तर तो व्यवहार, आणि डोंगर फोडून त्याच लोकांना रस्ता दिला तर ती उधळपट्टी! हा न्याय कोणाच्या सोयीचा आहे, हे सांगायला नको.

कादंबरी म्हणजे पक्षाचे पत्रक नव्हे, असा आक्षेप येईल. तो मान्यच आहे. पण माय शवॉल आणि पेर वाहलू या स्वीडिश मार्क्सवादी जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात दहा पोलीसकादंबऱ्या लिहिल्या आणि साऱ्या मालेला ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे नाव दिले. तो गुन्हा म्हणजे कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने कामगारवर्गाला दिलेला दगा. तरी रहस्याची पकड कोठे सैल झाली नाही. आजचे अनेक उत्तरी रहस्यकार त्यांचाच वारसा सांगतात. त्यांचा पोलीस घेतात, त्यांची तपासाची संथ रीत घेतात, आरोपी मात्र बदलतात. राज्य आणि भांडवल यांच्या जागी हवामान उभे केले की कोणालाच जबाब द्यावा लागत नाही. ओस पडलेले बंदर मग दैवाचा फेरा ठरते, आणि दैवाविरुद्ध कोणी संघटना बांधत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ही पुस्तके अवश्य वाचावीत. रहस्यकथेला उथळ म्हणून झिडकारणे हा निव्वळ बौद्धिक आळस आहे. परंतु शेवटच्या पानावर खुनी सापडला म्हणून तपास संपला असे मानू नये. मासळी कोणी उपसली, कोटा कोणी विकला, तो कोणी घेतला आणि बँकेचे कर्ज अखेर कोणाच्या माथी आले, हे प्रश्न पुस्तक मिटल्यावरही विचारत राहावे.